गाठिया आणि कापलेलं जाळं

इच्छापोर (सुरत) : सुरतेहून हजिऱ्याकडे निघालं की वाटेत इच्छापोर लागतं. एका बाजूला हिरे-दागिन्यांच्या युनिटांची वसाहत, पुढे हजिऱ्याचे पोलाद, खत आणि गॅसचे प्रचंड कारखाने, आणि या सगळ्याच्या पाठीमागे तापीचं मुख. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली मराठी कुटुंबं सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या इथे लवकर लक्षात येणारी गोष्ट म्हणजे मुक्या जिवांना खाऊ घालण्याची रीत.

गुजरातच्या गावोगावी पाखरांसाठी बांधलेले नक्षीदार चबुतरे दिसतात. पिठात साखर कालवून मुंग्यांच्या वारुळाशी नेऊन घालणारी माणसं आजही आहेत; त्याला इथे ‘कीडियारू’ म्हणतात. उत्तरायणात मांजाने पंख कापलेल्या पक्ष्यांसाठी सरकार दरवर्षी 10 ते 20 जानेवारी ‘करुणा अभियान’ चालवतं. जैन आणि वैष्णव संस्कारांतून आलेली ही जीवदया दिखाऊ नाही. ती घराघरांत मुरलेली आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच तिच्या एका वाट चुकलेल्या रूपाबद्दल लिहायला हवं.

हिवाळा लागला की तापीवर कुरव येतात. लोक त्यांना सीगल म्हणतात. मध्य आशियातल्या पठारांवरून, उत्तरेकडच्या थंड मुलखांतून हे पक्षी इथवर उडत येतात. रांदेर आणि सिंगणपोर जोडणाऱ्या कॉजवेवर सकाळी त्यांना बघायला गर्दी लोटते. पक्षी बघायला आलेला माणूस हातात गाठियाचं पाकीट घेऊनच कठड्याशी जातो. मूठभर गाठिया हवेत उडाले की पांढऱ्या पंखांचा एकच कल्लोळ होतो. पक्षी हवेतल्या हवेत तुकडा टिपतात, एकमेकांच्या चोचीतून हिसकावतात. पोरं टाळ्या पिटतात, मोबाइल वर होतात. खाली पाण्यावर न टिपलेले तुकडे फुगून तरंगत राहतात.

गाठिया म्हणजे बेसन, तेल, मीठ आणि सोडा. मासे, किडे, खेकडे खाऊन जगणाऱ्या पक्ष्याचं ते अन्न नव्हे. सुरतेतले पक्षीमित्र हे वारंवार सांगतात. वसंतात हजारो किलोमीटर परत उडायचं असलेल्या पक्ष्याने मासा शोधण्यापेक्षा माणसाच्या मुठीकडे बघायला शिकावं, यात त्याचं भलं कुठे आहे?

हाच प्रश्न जगभर समुद्राखाली शार्कच्या बाबतीत विचारला जातोय. पाणबुड्या पर्यटकांना शार्क जवळून दिसावेत म्हणून माशांचे तुकडे टाकून त्यांना बोलवायचं की नाही? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 2001 मध्ये अशा खाऊ घालण्यावर बंदीचा निर्णय घेतला. बहामामध्ये ते उघडपणे चालतं. फिजीत 2004 मध्ये शार्क रीफ राखीव क्षेत्र झालं. तिथे बुल शार्कना खाऊ घालतात, पण गावांनी त्या जागी मासेमारी सोडली आणि बदल्यात प्रत्येक पाणबुड्यामागे त्यांना शुल्क मिळतं. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला 2011 पासून मच्छीमार बारीक कोळंबी टाकून व्हेल शार्कना किनाऱ्याशी थांबवतात. त्या पैशाने गाव सावरलं, हे खरं. पण अभ्यासकांना तिथे असंही आढळलं की स्थलांतर करणारे काही मासे तिथेच रेंगाळू लागलेत, होड्यांशी सलगी करू लागलेत, त्यांच्या अंगावर जखमांचे व्रण आहेत, आणि गर्दीच्या जागचं प्रवाळही खालावलंय.

व्हेल शार्क गुजरातलाही परका नाही. जगातला हा सर्वांत मोठा मासा सौराष्ट्राच्या किनाऱ्याशी येतो आणि पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. विसाव्या शतकाच्या शेवटी वेरावळच्या पट्ट्यात त्याची बेसुमार शिकार होई. दोराला प्लास्टिकची पिंपं बांधलेला गळ त्याच्या अंगात रुतवायचे आणि पिंपं ओढून तो दमला की किनाऱ्याला आणायचे. यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावायला, मांस निर्यातीला. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही कत्तल जगापुढे आणली. 2001 मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. मारायला बंदी आलेला तो देशातला पहिला मासा.

नुसत्या कायद्याने समुद्रावर काही बदललं नसतं. 2004 मध्ये वन विभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम उभी केली. रामकथाकार मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. ज्यांनी गळ मारला त्यांच्याच गावांनी हे मनावर घेतलं. आता जाळ्यात व्हेल शार्क अडकला की खलाशी सुरी काढतात आणि स्वतःचं जाळं कापतात. ज्या जाळ्यावर हंगाम उभा असतो, ते फाडून मासा मोकळा करायचा, त्याचा फोटो काढायचा आणि भरपाईसाठी वन विभागाकडे द्यायचा. आजवर शेकडो व्हेल शार्क असे सुटले. महाराष्ट्रानेही डिसेंबर 2018 पासून संरक्षित जीव सोडवताना कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू केली आहे.

मला या पत्रात सांगायचंय ते हेच. वेरावळच्या मच्छीमाराने त्या माशाला एक घासही भरवला नाही. त्याने वाट मोकळी केली, स्वतःचं नुकसान सोसून. कॉजवेवर पाकीट फोडणाऱ्याचं काहीच जात नाही. उलट त्याला पुण्य मिळतं, फोटोही मिळतो. दोघांनाही आपण दयाळू म्हणतो, पण त्या जिवाच्या पदरात काय पडलं हे पाहिलं तर दोन्हींची तुलनाच होत नाही.

फिजीची बाजू मी झटकून टाकत नाही. शार्क जिवंत राहिला तर गावाला उत्पन्न, हे गणित मारून विकण्यापेक्षा शतपटीने बरं. पण तिथेही शार्क वाचतात ते मासेमारी थांबल्यामुळे, टाकलेल्या तुकड्यांमुळे नव्हे. शिवाय आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवून ओढणंही धरलं आहे.

खाऊ टाकून जीव जवळ बोलावण्याचा हा प्रकार महाराष्ट्रात मालवणकरांच्या दारातही आहे. 1987 मध्ये जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात स्नॉर्कलिंगला गेलेल्या पर्यटकाभोवती मासे गोळा व्हावेत म्हणून पावाचे तुकडे टाकतात. व्हिडिओ झकास येतो, मासे मैद्यावर जमतात. होडीवाल्यांची रोजीरोटी बुडावी असं कुणीच म्हणत नाही. खडकातले मासे पावाशिवायही दिसतात. थोडं थांबायला लागतं, आणि थांबायला पर्यटकाला सांगणं हे होडीवाल्याच्याच हातात आहे.

सुरतेतही कॉजवेवर ठळक गुजराती, हिंदी आणि मराठी पाट्या लागाव्यात आणि गाठिया विकणाऱ्यांना पर्यायी धंद्यासाठी जागा मिळावी. ज्या राज्याने गळ टाकणाऱ्या हातांना जाळं कापायला शिकवलं, त्याला लोकांच्या हातातलं पाकीट खाली ठेवायला लावणं अवघड नाही.