विश्लेषण : आयव्हीएफमध्ये नेमके काय होते? जाहिरातीतल्या ‘७० टक्के यशा’चा अर्थ काय?

एसटी स्टँडसमोरच्या होर्डिंगवर, रिक्षाच्या मागे, मोबाइलवर रील पाहताना मध्येच... आयव्हीएफ केंद्रांच्या जाहिराती आता फक्त मोठ्या शहरांत दिसत नाहीत. हसरे बाळ आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘७० टक्के यश’. लग्नानंतर काही वर्षे ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न झेलणारी जोडपी ही जाहिरात पाहून केंद्राची पायरी चढतात. अनेकदा एफडी मोडून, दागिने गहाण ठेवून. ही प्रक्रिया नेमकी कशी असते, यशाचा आकडा कसा वाचायचा आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारायचे?

वंध्यत्व कशाला म्हणतात?

कोणतेही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकीय भाषेत त्याला वंध्यत्व म्हणतात. स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टरांना भेटावे, असा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार, जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो.

पहिली तपासणी कोणाची?

दोघांचीही, एकाच वेळी. आपल्याकडे मात्र वर्ष-दोन वर्षे फक्त सुनेच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि नवससायास सुरू राहतात. साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत आढळते. पुरुषाची प्राथमिक तपासणी असते ती वीर्याची. ती स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि अहवालही लवकर मिळतो. ती टाळल्यामुळे जातो तो वेळ, आणि या उपचारात वेळ सर्वांत महाग असतो.

आयव्हीएफची गरज कोणाला?

मूल होत नसलेल्या प्रत्येक जोडप्याला नाही. पीसीओएसमुळे स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नसेल तर आधी गोळ्यांचा उपाय असतो. काही जणांना आययूआय पुरते. त्यात प्रक्रिया केलेले शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात. दोन्ही बीजवाहिन्या बंद असतील, शुक्राणू फारच कमी असतील, एंडोमेट्रिओसिस वाढलेला असेल किंवा साधे उपचार फसले असतील, तर आयव्हीएफचा विचार होतो. भारतात बीजवाहिन्या बंद होण्यामागे जननमार्गाचा क्षयरोग हे एक महत्त्वाचे कारण आहे.

प्रक्रिया कशी होते?

आयव्हीएफ म्हणजे ‘इन व्हिट्रो फर्टिलायझेशन’. ‘इन व्हिट्रो’चा लॅटिनमधला अर्थ ‘काचेत’. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव रूढ झाले असले तरी फलन परीक्षानळीत होत नाही, छोट्या बशीत होते.

पहिला टप्पा इंजेक्शनांचा. एरवी दर महिन्याला साधारण एकच स्त्रीबीज पक्व होते आणि त्या महिन्यात वाढीला लागलेली बाकीची विरून जातात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण ८ ते १२ दिवस रोज हार्मोनची इंजेक्शने देऊन यातली जास्तीत जास्त बीजे वाढवली जातात. त्यामुळे ‘आयव्हीएफ केल्याने बीजे लवकर संपतात’ हा समज चुकीचा आहे. मधल्या काळात दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी होते. बीजे तयार झाली की शेवटचे ‘ट्रिगर’ इंजेक्शन दिले जाते.

त्यानंतर सुमारे ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून, सोनोग्राफीत पाहत, बारीक सुईने बीजे काढली जातात. पोटावर टाके पडत नाहीत. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात.

पुढचे काम प्रयोगशाळेत. बशीत बीजाभोवती हजारो शुक्राणू सोडले जातात. शुक्राणू कमी किंवा कमजोर असतील तर एकच शुक्राणू निवडून सुईने थेट बीजात सोडतात. याला इक्सी म्हणतात. १९९२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी या तंत्राने झालेल्या पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या आणि अनेक पुरुषांना स्वतःच्या मुलाची शक्यता खुली झाली.

भ्रूण ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या इनक्युबेटरमध्ये वाढतो. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी, पाचव्या दिवशी शंभरच्या आसपास. या अवस्थेला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. मग तो मऊ, बारीक नळीने गर्भाशयात सोडला जातो. त्यासाठी सहसा भूल लागत नाही. उरलेले चांगले भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवता येतात. गर्भ राहिला की नाही, हे साधारण दोन आठवड्यांनी रक्ताच्या बीटा-एचसीजी चाचणीत कळते. हे दोन आठवडे अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही. रोजची हलकी कामे चालतात.

दहा बीजांतून किती भ्रूण?

आयव्हीएफ ही एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांसारखी प्रक्रिया आहे. समजा १० बीजे मिळाली. त्यातली आठ पक्व निघतील, सहा फलित होतील आणि पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकतील. प्रत्येकीचे आकडे वेगळे असतात, पण गळती सर्वांच्याच वाट्याला येते. ‘दहा निघाली होती, तीनच कशी उरली?’ असे वाटून अनेक जणी स्वतःला दोष देतात. त्यात त्यांची चूक नसते. अनेक भ्रूणांमध्ये गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते आणि त्यांची वाढ आपोआप थांबते. नैसर्गिक गर्भधारणेतही हे घडते, फक्त ते कोणाला दिसत नाही.

‘७० टक्के यश’ म्हणजे कशाचे?

खरी मेख इथे आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० महिलांनी इंजेक्शने सुरू केली. ८० जणींच्या गर्भाशयात भ्रूण सोडता आला. ४० जणींची चाचणी पॉझिटिव्ह आली. काहींचा गर्भपात झाला आणि शेवटी ३० जणींच्या कुशीत बाळ आले. एक केंद्र म्हणेल, ‘८० पैकी ४०, म्हणजे ५० टक्के यश’. दुसरे म्हणेल, ‘१०० पैकी ३०, म्हणजे ३० टक्के’. आकडे दोघांचेही खरे, पण जोडप्याला हवे असलेले उत्तर दुसऱ्याकडे आहे.

वयाचा मुद्दा त्याहून मोठा. ब्रिटनमध्ये केंद्रांची आकडेवारी सरकारी नियामक प्रसिद्ध करतो. त्यानुसार स्वतःचे बीज वापरणाऱ्या ३५ वर्षांखालील महिलांमध्ये सोडलेल्या प्रत्येक भ्रूणामागे बाळ जन्मण्याचे प्रमाण साधारण तिनात एक आहे. ४३-४४ व्या वर्षी ते शंभरात पाचच्या आसपास येते. बीजाचे वय प्रयोगशाळेत कमी करता येत नाही. दात्या महिलेचे बीज वापरले तर आकडा वाढतो, पण मग तो वेगळा उपचार ठरतो आणि त्याची वेगळी संमती लागते.

धोके कोणते?

इंजेक्शनांना अतिप्रतिसाद मिळाला तर अंडाशये सुजतात आणि पोटात पाणी साठते. याला ओएचएसएस म्हणतात. पोट एकदम फुगणे, दम लागणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसली तर लगेच केंद्राशी संपर्क साधायला हवा. दुसरा धोका जुळ्या-तिळ्यांचा. ‘एकदाच दोन बाळे, काम झाले’ असे वाटते, पण त्यात मुदतपूर्व प्रसूती आणि आईच्या रक्तदाबाचा धोका वाढतो. म्हणून शक्य तिथे एकच भ्रूण सोडण्याकडे डॉक्टरांचा कल वाढतो आहे.

कायदा काय सांगतो?

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. २१ ते ५० वयोगटातील स्त्री आणि २१ ते ५५ वयोगटातील पुरुषालाच ही सेवा देता येते. एकट्या महिलेलाही ती घेता येते. लेखी संमती आवश्यक आहे. बीज देणाऱ्या महिलेचे वय २३ ते ३५ असावे लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते. मुलगा-मुलगी निवडणे हा गुन्हा आहे. जन्मलेल्या बाळाला जोडप्याच्या अपत्याचे सर्व कायदेशीर हक्क मिळतात.

मुंबईचा आणि कोलकात्याचा वाटा काय?

जगातले पहिले आयव्हीएफ बाळ, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यामागचे संशोधक रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले. लुईसनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून मुलगी जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूने शास्त्रीय नोंदींसह आयव्हीएफ बाळाचा जन्म घडवला. या यशातले सहकारी शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखोपाध्याय यांच्या नोंदी तपासल्या आणि पहिलेपणाचा मान त्यांचा असल्याचे जाहीरपणे मांडले.

पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे?

खासगी केंद्रात एका सायकलचा खर्च सहसा लाखाच्या पुढे जातो आणि एकापेक्षा जास्त सायकल लागू शकतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये मोफत आयव्हीएफ सेवा सुरू झाली. सरकारी सोयी अजून मोजक्याच आहेत. म्हणून हे प्रश्न लिहून न्या :

- केंद्राचा नोंदणी क्रमांक काय?
- आमच्या वयोगटात, स्वतःच्या बीजाने, सुरू केलेल्या १०० सायकलमागे किती बाळे जन्मली?
- आम्हाला आयव्हीएफच का? आधी सोपा उपाय आहे का?
- पॅकेजमध्ये इंजेक्शने, इक्सी आणि भ्रूण गोठवण्याचा खर्च धरला आहे का?
- सायकल मध्येच थांबवावी लागली तर किती पैसे परत मिळतील?
- किती भ्रूण सोडणार आणि उरलेल्यांचे काय करणार?

उत्तरे लेखी मागा. आणि पहिल्या भेटीला दोघांनी जा, दोघांचेही रिपोर्ट घेऊन.