पुस्तक कोणत्या आवृत्तीचं?

वेब फ्रेमवर्कचं पुस्तक घेताना किमतीआधी प्रकाशनाचं वर्ष पाहावं. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिॲक्टच्या १६.८ आवृत्तीत हुक्स आले आणि कंपोनंट लिहिण्याची रीतच बदलली. त्याआधीच्या पुस्तकांत पानोपानी क्लास भेटतात. आजच्या कोडमध्ये बहुतेक ठिकाणी साधी फंक्शन्स असतात.

जँगोचंही तसंच. डिसेंबर २०१७ मधल्या २.० आवृत्तीत सुटसुटीत ‘पाथ’ आलं. यूआरएलच्या प्रकरणात फक्त रेग्युलर एक्स्प्रेशनची किचकट चिन्हं दिसली, तर पुस्तक जुनं आहे हे ओळखावं.

जुनं सगळंच टाकाऊ मात्र नव्हे. एचटीटीपी, डेटाबेस, जावास्क्रिप्टचा गाभा समजावणारी पुस्तकं बरीच वर्षं कामी येतात. एकच ॲप पहिल्या प्रकरणापासून चाचण्यांपर्यंत उभं करणारं पुस्तक नवशिक्यांनी आधी हाती घ्यावं.