एकोणसाठाव्या मैलावरील माणसे

इ. स. १८३२ च्या जून महिन्यात, आयर्लंडच्या उत्तरेकडील डेरी बंदरातून निघालेले ‘जॉन स्टॅम्प’ नावाचे शिडाचे जहाज फिलाडेल्फियाच्या धक्क्याला लागले, तेव्हा त्याच्या उतारूंच्या यादीत डोनेगॉल परगण्यातील जॉन रडी हा १८ वर्षांचा मजूर होता आणि टिरोन परगण्यातील कॅथरीन बर्न्स ही २९ वर्षांची विधवा आपल्या वृद्ध सासऱ्यासह आली होती. आयरिश स्थलांतर म्हटले की १८४५ नंतरचा बटाट्याचा महादुष्काळ तेवढा आपल्याला आठवतो. पण ही माणसे त्याच्या तेरा वर्षे आधी निघाली होती. वाटण्या होत होत तुकड्यांवर आलेली जमीन, वाढता खंड, कूळ म्हणून कसण्याचा हक्क कोणत्याही क्षणी काढून घेतला जाईल ही धास्ती, आणि या सर्वांवर कडी म्हणजे यंत्रावर निघणाऱ्या सुताने अल्स्टरच्या घराघरांतील जवसाच्या सूतकताईचा केलेला अंत, एवढी कारणे कुटुंबातल्या तरण्याताठ्या मुलाला समुद्रापार धाडण्यास पुरेशी होती. घरातून एक जण जाई, आणि मागे राहिलेल्यांचा सारा हिशेब तो पाठवील त्या पैशांवर बसे.

फिलाडेल्फियापासून कोलंबियापर्यंतच्या ८२ मैलांच्या लोहमार्गाचे काम तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्याच्या खर्चाने चालले होते. त्यातील ५९ व्या मैलाचा मक्ता फिलिप डफी याच्याकडे होता. तो स्वतः आयर्लंडचाच. नव्याने उतरलेल्या, ओळखपाळख नसलेल्या, पडेल त्या रोजावर राबणाऱ्या देशबांधवांना हाताशी धरण्यात त्याची भाषा आणि त्याचा धर्म दोन्ही उपयोगी पडत असणार, हे उघड आहे. त्याने ५७ माणसे कामाला लावली. मॅल्व्हर्न गावाजवळ टेकडी फोडून तीच माती शेजारच्या घळीत भरायची, आणि त्या भरावावरून रूळ न्यायचे, असे ते काम होते. कुदळ, फावडे, हातगाडी आणि घोडा यांखेरीज साधन नव्हते. वस्तीला घळीतच उभारलेले लाकडी खोपट होते. बायका अशा छावण्यांत स्वयंपाकपाणी व धुणे करीत. कॅथरीनच्या वाट्याला तेच आले असावे.

ऑगस्टात पटकी आली. १८१७ मध्ये बंगालात उसळून पुढे जगभर फिरू लागलेल्या या महामारीची दुसरी लाट रशिया आणि इंग्लंडमार्गे त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत पोचली होती. ती दूषित पाण्यातून पसरते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ती दारिद्र्याला, दारूला आणि परधर्मीयांच्या गलिच्छपणाला मिळालेली शिक्षा आहे असे मात्र पुष्कळ प्रतिष्ठित लोकांना ठाऊक होते! घळीतून निसटून आसरा मागावयास गेलेल्यांना आसपासच्या घरांनी दार उघडले नाही. फिलाडेल्फियाहून शुश्रूषेसाठी आल्या त्या कॅथलिक जोगिणी, आणि प्रेते पुरण्याचे काम केले ते तिथल्या लोहाराने. कामावर येऊन सहा-आठ आठवडे होतात न होतात तोच ती तुकडी नाहीशी झाली. खोपट जाळण्यात आले, डफीने दुसरी माणसे आणली आणि १८३४ मध्ये मार्ग खुला झाला.

स्थानिक वृत्तपत्राने मृत्यू छापले ते आठ-नऊ. आयर्लंडातील घरांना कोणी कळविले नाही. आपल्या खंडाळ्याच्या घाटात लोहमार्गाचे काम चालले तेव्हाही पुढे पटकीने मजुरांचे असेच बळी घेतले. तिथे १८५९ मध्ये येताच वारलेला मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याचा मक्ता पुरा करणारी त्याची पत्नी ॲलिस यांची नावे इतिहासात राहिली, मजुरांची राहिली नाहीत. मक्त्याच्या पद्धतीचा हा स्वभावच आहे: हजेरीपटावर हात मोजले जातात.

डफीच्या मजुरांच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट घडली. तो मार्ग १८५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीने विकत घेतला, आणि १९०९ मध्ये मार्टिन क्लेमंट नावाच्या तिच्या एका अधिकाऱ्याने (पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला) या प्रकरणाची कागदपत्रे जमवून एक दप्तर बांधले. त्यात मृतांचा खरा आकडा ५७ असल्याची नोंद होती. भरावाभोवती भुते नाचताना पाहिल्याची एक कैफियतही होती. कंपनीने ते दप्तर बाहेर जाऊ दिले नाही. क्लेमंटच्या चिटणिसाच्या घरी मात्र ते टिकले, आणि त्याचे नातू विल्यम व फ्रँक वॉटसन, एक इतिहासाचा प्राध्यापक आणि दुसरा ल्युथरन धर्मोपदेशक, यांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी ते उघडले. ज्यांनी गोष्ट दडविली त्यांच्याच दप्तरशिस्तीमुळे ती उरावी, हा योगायोग मला त्या भुतांच्या कैफियतीपेक्षा अद्भुत वाटतो.

वॉटसन बंधूंनी घळीत उत्खनन सुरू केले. आधी मातीचे चिलीम-पाइप निघाले, आणि मार्च २००९ मध्ये पहिली मानवी हाडे लागली. पुढे सापडलेल्या सांगाड्यांपैकी काहींच्या कवट्यांवर मृत्यूसमयी झालेल्या आघातांच्या खुणा होत्या. यावरून साऱ्या ५७ जणांची कत्तल झाली असे म्हणणे माझ्या मते पुराव्याच्या पुढे धावण्यासारखे आहे. बहुतेक पटकीनेच गेले असावेत. पण संसर्गाच्या भयाने, त्याला परक्याविषयीच्या तिरस्काराची जोड मिळून, निदान काही जणांना रोगाने मरू दिले गेले नाही, एवढे त्या कवट्या सांगतात.

पहिल्या सांगाड्याच्या वयाशी जहाजाच्या यादीतील १८ वर्षांच्या रडीचे वय जुळले. शिवाय त्याच्या वरच्या जबड्यात उजवीकडची पहिली दाढ मुळात आलेलीच नव्हती, आणि नेमके तेच व्यंग आपल्या घराण्यात आहे असे डोनेगॉलमधील रडी आडनावाच्या लोकांनी सांगितले. कायद्याच्या कसोटीला हा पुरावा अपुरा ठरेल, पण त्या घराण्याने तो मानला. २०१३ च्या मार्च महिन्यात डोनेगॉलमधील आर्डारा येथे त्या अस्थींचे दफन झाले. त्याच्या एक वर्ष आधी फिलाडेल्फियाजवळच्या वेस्ट लॉरेल हिल दफनभूमीत पाच जणांना मूठमाती देण्यात आली होती. त्यांतील स्त्रीच्या अस्थी कॅथरीन बर्न्सच्या मानल्या गेल्या आणि २०१५ मध्ये त्या टिरोनमधील क्लोनो येथे नेण्यात आल्या. उरलेल्यांची सामाईक कबर रुळांच्या अगदी लगत, खोल भरावाखाली असावी असा संशोधकांचा तर्क आहे. त्या रुळांवरून आजही ॲमट्रॅकच्या गाड्या जातात, त्यामुळे तिथे सरसकट खोदकाम करणे शक्य झालेले नाही.