ब्रिजची बोली: भिडूला सांगितलेलं शत्रूही ऐकतो

मेंढीकोट खेळला असाल, तर ब्रिज तुम्हाला अर्धा येतोच. चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकी 13 पानं, हात करायचे. वेगळी आहे ती खेळाआधीची बोली. किती हात करणार आणि हुकूम कोणता, हे लिलावात ठरतं. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, नो ट्रम्प असा चढता क्रम. 1 पासून 7 पर्यंत पायऱ्या. एकूण 35 बोल्या. शिवाय पास, डबल, रीडबल. (1 म्हणजे सहावर एक, सात हात.) नवी बोली आधीपेक्षा वरचीच हवी.

एका खेळाडूला 13 पानं मात्र 63,501 कोटींहून जास्त प्रकारे येऊ शकतात. एवढं सांगायला शब्द इतकेच, आणि मागे फिरायची सोय नाही. म्हणून संकेत आले.

स्टेमन घ्या. 1945 मध्ये सॅम स्टेमनने तो लेखातून मांडला. कल्पना त्याच्या भिडूची, जॉर्ज रापेची, पण नाव चिकटलं लिहिणाऱ्याचं! भिडूने '1 नो ट्रम्प' म्हटलं की तुम्ही '2 किलवर' म्हणता. किलवरशी संबंध नाही. तो प्रश्न आहे: बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? '2 चौकट' म्हणजे नाहीत. '2 बदाम' म्हणजे बदामाची आहेत. दोघांची मिळून आठ पानं जमली, तर तोच हुकूम करून दहा हात करणं बऱ्याचदा नो ट्रम्पच्या नऊ हातांपेक्षा सोपं जातं.

याची एक किंमत उघड आहे: खरोखरचे '2 किलवर' आता म्हणता येत नाहीत. दुसरी किंमत चटकन दिसत नाही. ब्रिजमध्ये गुप्त संकेत चालत नाहीत; अर्थ विरोधकांनाही कळायला हवा. समजा लिलाव झाला 1 नो ट्रम्प, 2 किलवर, 2 बदाम, 3 नो ट्रम्प. विरोधकाला कळलं: एकाकडे चार बदाम, दुसऱ्याकडे बहुधा चार इस्पिक (नाहीतर विचारलंच कशाला?). पहिलं पान कुठलं टाकायचं, हे तो त्यावरून ठरवणार. थेट '3 नो ट्रम्प' म्हटलं असतं, तर तो अंधारात चाचपडला असता.

आता संशोधनाकडे या. संकेत चांगला की वाईट, हे संगणकावर तपासताना सर्रास 'डबल डमी' वापरतात: 52 पानं उघडी धरायची, चौघेही अचूक खेळतील असं मानायचं आणि हात मोजायचे. गणित झटपट होतं, मोह होणारच. पण या मोजपट्टीत विरोधकाला सगळं आधीच दिसतंय! लिलावातून काय फुटलं याची किंमत तिथे शून्य. अशा गुणांवर शिकवलेला प्रोग्रॅम बडबड्या होईल, आणि आलेखात ते दिसणारही नाही.

2022 मध्ये पॅरिसमध्ये नूक या प्रोग्रॅमने आठ विश्वविजेत्यांना हरवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या स्पर्धेत फक्त पानांचा खेळ होता. बोली वगळली होती. बातमीच्या मथळ्यात हे येत नाही.

हाताळता येईल असा एक प्रश्न सुचवते. उत्तर देणाऱ्याकडे 4-3-3-3 अशी पानं असली, तर कित्येक जाणते खेळाडू स्टेमन विचारतच नाहीत. ते बरोबर आहेत का? विरोधकाला फक्त त्याची 13 पानं आणि लिलाव द्या. त्याच्याशी जुळणारे शेकडो डाव यादृच्छिक वाटून त्याचं पहिलं पान निवडा, आणि मगच डबल डमीने हात मोजा. हेच दोन्ही लिलावांसाठी करा. वेळ कितीतरी पट लागेल, पण फुटलेल्या माहितीची किंमत निदान हिशेबात येईल.