जे विकत नाही, त्या झाडाचं नाव

शेतमाल स्वतःच्या नावाने विकायचं ठरलं की घरात पहिला वाद पाटीवरून होतो. कोणाला आजोबांचं नाव हवं असतं, कोणाला कुलदैवताचं, आणि नव्या पिढीला वजनदार वाटेल असं काहीतरी इंग्रजी. अशा वेळी बांधावरच्या एखाद्या देशी झाडाचं नाव घ्यावं, असं माझं मत आहे. अट एकच : ते झाड आपल्या मालाचं नसावं.

दक्षिण आफ्रिकेतल्या फ्रान्शुकच्या खोऱ्यात बुकनहाउट्सक्लूफ नावाचं 1776 पासूनचं शेत आहे. बुकनहाउट हे त्या भागातलं मूळचं झाड, त्याचं लाकूड फर्निचरसाठी नावाजलेलं. क्लूफ म्हणजे घळ. आज हे शेत ओळखलं जातं ते वाइनसाठी, आणि द्राक्षवेल तर युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेली. 1993 साली काही भागीदारांनी मोडकळीला आलेलं हे शेत विकत घेतलं, पण नाव बदललं नाही. त्यांच्या लेबलावर सात खुर्च्या आहेत, त्या लाकडातून सुंदर फर्निचर घडवणाऱ्या अठराव्या शतकातल्या कारागिरांच्या आठवणीसाठी. परक्या गिऱ्हाइकाची जीभ या नावावर अडखळते, तरी धंदा अडला नाही. गंमत म्हणजे खुद्द ‘बुकनहाउट’ हेही उसनं नाव : युरोपातल्या बीच झाडासारखं लाकूड दिसलं म्हणून डचांनी ते चिकटवलं.

आपल्याकडे हे काम गावांनी केव्हाच केलं आहे. पिंपळगाव, उंबरज, पळसदरी, जांभूळपाडा, चिंचवड. पिंपळगावात कोणी पिंपळ विकत नव्हतं. जागा ओळखायला ती खूण पुरेशी होती. शेताच्या नावाकडून मला हीच अपेक्षा आहे. हापूस विकणाऱ्याने ‘आंबा’ नाव घेतलं तर त्यातून बाग कुठली, कोणाची, हे काहीच कळत नाही. कायदाही इथे आडवा येतो. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणाऱ्या शब्दाची सहसा नोंदणी होत नाही. दीर्घ वापराने तो शब्द एकाच विक्रेत्याची ओळख बनला असेल, तरच अपवाद. प्रदेशाचं नाव तर सगळ्यांच्या सामाईक मालकीचं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली आणि कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. एकट्या घराण्याला ते आपल्या नावावर करता येत नाही. आंब्याच्या पेटीवर ‘बकुळ’ लिहिलं तर ही अडचण येत नाही. मालाच्या त्या वर्गात कोणी आधी घेतलेलं नसेल, तर ते नाव दहा वर्षांसाठी नोंदवता येतं आणि पुढे नूतनीकरणही होतं.

यावर तीन शंका येतात. देशी झाड कोणतं, ही पहिली. चिंच मूळची आफ्रिकेतली मानतात, काजू पोर्तुगीजांनी आणला, गुलमोहर मादागास्करचा. काजू आणि गुलमोहर मी सोडून देईन. चिंच ठेवीन, कारण ज्या झाडावरून गावं ओळखली गेली त्याला परकं म्हणणं हा वनस्पतिशास्त्राचा हट्ट झाला. दुसरी शंका अशी की शहरातल्या गिऱ्हाइकाला हिवर किंवा अंजनी ठाऊकच नसते. नसू दे, विचारेल, आणि विचारलेलं नाव वाचलेल्या नावापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं. तिसरी शंका मात्र खरी आहे. झाडाचं नाव हा नुसता बाजारी साज होऊ शकतो : लेबलावर ‘ऐन’, आणि शेतात शेवटचा ऐन कधीच कोळशाच्या भट्टीत गेलेला. याला कायद्यात उत्तर नाही. गिऱ्हाईक शेतावर आलं तर त्याला दाखवायला झाड हवं, एवढी साधी कसोटी लावता येते.

कोकणातल्या बागायतदाराला कसोटीला उतरणारं नाव फार दूर शोधावं लागणार नाही. तामण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. त्याचं झाड ओढ्याकाठी वाढतं आणि जांभळ्या फुलांनी भरतं ते एप्रिल-मेमध्ये, हापूसच्या पेट्या घाट चढत असतात त्याच दिवसांत.