साडेपाच क्विंटल सोयाबीन आणि नातवाची नर्सरी

सकाळी आठला कोणत्याही गावच्या फाट्यावर उभे राहा. दुधाची गाडी गेली की मागोमाग पिवळी व्हॅन येते. गळ्यात टाय, पायात पांढरे मोजे, पाठीवर दप्तर अशी तीन-साडेतीन वर्षांची चिमुरडी आईचा पदर सोडायला तयार नसतात. ड्रायव्हर उचलून आत बसवतो, दार लागते, रडणे लांब जाते. तिथून दोनशे पावलांवर गावची अंगणवाडी असते. तिला फी नाही आणि टायही नाही.

परवा एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. साडेतीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. त्यांनी वही पुढे सरकवली. "तुम्ही लिहिणारी माणसं, जरा बघा बरं हा हिशेब." नातवाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत नर्सरीला घालायचे चालले होते. फी १४,०००. व्हॅनचे महिना ७०० प्रमाणे दहा महिन्यांचे ७,०००. गणवेश, बूट, पुस्तके ४,५००. गॅदरिंग आणि सहल म्हणून वरचे १,०००. बेरीज २६,५०० रुपये.

सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावानेही हे जवळजवळ साडेपाच क्विंटल होतात. हमीभाव प्रत्यक्षात किती जणांच्या पदरात पडतो, हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे साधारण एका कोरडवाहू एकराचे अख्खे पीक गेले, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, मळणी अजून वजा केलेली नाही. नर्सरी, ज्युनिअर, सीनिअर अशी तीन वर्षे धरली तर फी एक रुपयाने न वाढता ७९,५०० होतात. शिवाय फी भरायची जूनमध्ये, ज्या महिन्यात बियाण्याच्या दुकानापुढे रांग लागते. पीककर्जातून फी भरली आणि खत उधारीवर आणले, अशी घरे आता गावोगाव आहेत.

सूनबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांना राहवले नाही. "आमी शिकलो नाही म्हणून रोजानं जातोय. पोरगंबी तसंच राहू द्यायचं का?" या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत उत्तर नव्हते. म्हातारे गप्प झाले. मीही.

शिक्षण महाग वाटते म्हणून टाळावे, असे कोणी म्हणणार नाही. लहान वयातले शिक्षण वाया जात नाही, याला पुरावा आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी या गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरांतल्या १२३ मुलांचे दोन गट केले. एका गटाला बालशाळेत घेतले, दुसऱ्याला नाही. ही मुले चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालशाळेतली मुले पुढे जास्त शिकली, जास्त कमावती झाली. पण तिथे चालले काय होते, ते पाहावे लागेल. एका शिक्षिकेकडे पाच-सहा मुले असत, आणि ती आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. टाय-बूट नव्हे, हे कामाला आले. आपल्याकडच्या व्हॅनवाल्या शाळेत एका बाईंकडे मुले किती आणि त्या बाई किती शिकलेल्या, हे फी भरणाऱ्यांपैकी कितीजण विचारतात?

आणि हे बाहेरून शिकायची गरजही नव्हती. अंगणवाडी हा शब्द आणि कल्पना आपल्याच मातीतली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या बायांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मॉन्टेसरीची महाग साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, पाने, काटक्या यांवर मोजणी आणि वर्गवारी शिकवली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली घरी राहते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती त्यानंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला.

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याइतका जोर आलेला नसतो. त्याला मातीचे बैल करू द्यावेत, तूर-मूग-हरभरा वेगवेगळा निवडू द्यावा, गोष्ट ऐकून त्याच्याच बोलीत परत सांगू द्यावी. तीच पुढच्या लेखन-वाचनाची मशागत. नांगरट न करता पेरणी केली तर काय उगवते, ते आपण जाणतो. घरी कोणी न बोलणाऱ्या भाषेत ए टु झेड पाठ म्हणणारे पोर पाहुण्यांपुढे शोभते खरे, पण त्याला 'तहान लागली' हे बाईंना सांगता येत नाही म्हणून दुपारपर्यंत तसेच बसते. त्याच ओसरीवर नातवाचा शेजारचा सवंगडी असाच बसलेला पाहिला.

आता दुसरी बाजू. अंगणवाडी फुकट आहे एवढ्यावर ती चांगली ठरत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलाला गरम आहार द्यायचा आहे. बऱ्याच ठिकाणी खिचडी वाटली की दिवस संपतो. सेविकेचा निम्मा वेळ रजिस्टरे आणि मोबाईलवरच्या नोंदींत जातो. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत मानधनासाठी त्यांचा राज्यभर संप चालला, तेव्हा अंगणवाड्यांना कुलपे होती. ज्याच्या घराची गंज धरलेल्या पत्र्याच्या अंगणवाडीशी रोजची गाठ आहे, त्याने व्हॅनकडे पाहिले तर त्याला दोष कसा द्यावा?

पण मग ग्रामपंचायत काय करते? उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती कशावर जाते, हे ग्रामसभेत विचारायला कोणाची बंदी नाही. वाडीवर सहा वर्षांखालची ४० मुले असून अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे. सरपंचांचा स्वतःचा नातू व्हॅनने जात असेल, तर गळके छत त्यांना दिसायचे कसे? (हे लिहिल्यावर काही सरपंच रागावतील. रागावू देत.)

आणखी एक भीती घरोघर ऐकू येते, की केजी केले नाही तर पहिलीला कोण घेणार. पहिलीला केजीचा दाखला लागत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहाव्या वर्षापासून मुलाला शाळेचा हक्क आहे, आणि पहिलीच्या प्रवेशाला डोनेशन किंवा मुलाची परीक्षा घेता येत नाही.

त्या ओसरीवर आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. याच घरातली पाच वर्षांची नात दोन वर्षे अंगणवाडीतच जाते. तिचा हिशेब वहीत कुठेच नव्हता. विचारले तर म्हातारे म्हणाले, "ती हाय की हुशार. तिला सारी गाणी येतात." अंगणात ती भावाला चिंचोके मोजायला शिकवत होती. तो सातानंतर एकदम दहा म्हणायचा आणि ती त्याला पुन्हा पहिल्यापासून धरायची.

मी एवढेच सुचवले की दोन्हीकडे एकेक सकाळ जाऊन बसा, न सांगता, तासभर. बाई मुलांशी बोलतात की मुलांवर ओरडतात, तेवढे बघा. सूनबाई म्हणाल्या, "मीच जाते. आबांना तिथं झोप लागंल." नर्सरीचा फॉर्म कालनिर्णयच्या मागे खोचलेला होता. भरायची शेवटची तारीख पुढच्या सोमवारी होती.