पायाच्या डॉक्टरकडे जाण्याआधी



रात्री उसाला पाणी भरताना चिखलात चप्पल टिकत नाही, म्हणून आपण ती बांधावर काढून अनवाणी आत शिरतो. मग बाभळीचा काटा, उसाचे बुडखे, काही ना काही लागतेच. ज्याला लागल्यावर दुखते तो काटा काढतो. काळजी वाटते ती ज्याला लागलेले कळतच नाही त्याची.

मधुमेह बरीच वर्षे अंगात राहिला की पायाच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठाही कमी पडतो. जखम दुखत नाही, म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो. जखम हाडापर्यंत गेली की पाय कापण्याची पाळी येते. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिले. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. तेव्हा "दुखत नाही, मग कशाला दाखवायचे?" हे बोलणे आपण सोडले पाहिजे.

आपल्याकडे फक्त पायाचे असे डॉक्टर थोडे आहेत. हे काम मधुमेहाचे डॉक्टर, सर्जन किंवा हाडांचे डॉक्टर पाहतात. आधी पाचोऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. त्यांनी पुढे पाठवले तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

जाण्याआधी एवढे ध्यानात ठेवा :

१) कुरूप ब्लेडने कापू नका. बिब्बा किंवा कुरूपाची पट्टी लावू नका, गरम पाण्याचा शेक घेऊ नका. बधिर पाय भाजला तरी कळत नाही.

२) साखर तपासल्याचे जुने-नवे कागद आणि चालू गोळ्या पाकिटासकट बरोबर घ्या. मधुमेह किती वर्षांपासून आहे ते घरात विचारून ठेवा.

३) रोजची चप्पल व शेतातला बूट दोन्ही न्या. कुठे घासते, ते चपलेच्या झिजेवरून डॉक्टरांना कळते.

४) विडी-तंबाखू लपवू नका. तिने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले तेही सांगा.

तपासणीला भिण्याचे कारण नाही. डॉक्टर नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून "कळते का?" विचारतात. कळले नाही तर "हो" म्हणू नका. पायाची नाडी पाहतात, लागल्यास एक्स-रे काढतात. निघण्याआधी आपणही विचारून घ्या : जखमेवर किती दिवस भार द्यायचा नाही? पट्टी कोणी बदलायची? मऊ रबराची चप्पल लागेल का?

मात्र पाय लाल, गरम होऊन सुजला, बोट काळे पडले, वास येऊ लागला किंवा ताप भरला तर बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी निघा. ऊसतोड चार दिवस थांबेल, पाय थांबणार नाही.

आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज संध्याकाळी पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसून तळवा पाहावा. नजर कमी असेल तर सुनेला, नातवाला दाखवावा. त्यात लाज कसली?